कॅमेऱ्याला काठीचा आधार

माळावर मेंढरे राखणारा धनगर तुम्ही पाहिला असेल. हातातली काठी थोडी पुढे टेकवून आणि तिच्यावर अंगाचा काही भार टाकून तो तासन् तास उभा राहू शकतो. त्याचे दोन पाय आणि काठीचे टोक मिळून जमिनीवर एक त्रिकोण तयार होतो. शरीराच्या गुरुत्वमध्यातून खाली काढलेली उभी रेषा जोवर या त्रिकोणाच्या आत पडते, तोवर तोल जाण्याचे भय नसते. नुसत्या दोन पायांवर उभे राहिलो, तर आधाराचा तळ पुढे-मागे जेमतेम पावलाच्या लांबीएवढाच असतो. त्यामुळे तोल सांभाळण्यासाठी पायांच्या आणि पाठीच्या स्नायूंना सतत बारीक बारीक हालचाली कराव्या लागतात. धनगराची काठी हे कष्ट वाचवते.

छायाचित्रकार वापरतात तो 'मोनोपॉड' म्हणजे अशीच एक काठी. एकात एक सरकणाऱ्या तीन-चार नळ्या, खाली रबरी तळ आणि वर कॅमेरा बसवण्यासाठी स्क्रू, एवढीच त्याची रचना. तिपाईसारखा तो आपला आपण उभा राहत नाही. उरलेले दोन पाय तुम्हाला द्यावे लागतात. पण गर्दीत, पाणथळीच्या काठावर किंवा खेळाच्या मैदानावर तिपाई पसरायला जागा आणि वेळ दोन्ही नसतात. तिथे ही काठीच कामाला येते.

मोनोपॉड घ्यायचा तर कोणता घ्यावा आणि त्यावर हेड कोणते बसवावे, असा प्रश्न शाळेच्या छायाचित्रण मंडळापुढे आला, तर बहुतेक जण दुकानातल्या वस्तूंची किंमत आणि त्यांच्यावर लिहिलेली 'इतके किलो भार पेलतो' ही संख्या पाहतात. मंडळाचे पैसे मोजके असतात, आणि एकदा चुकीची वस्तू घेतली की ती कपाटात पडून राहते. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी एका साध्या प्रश्नाचे उत्तर शोधू. काठी कॅमेऱ्याच्या कोणत्या हालचाली थांबवते आणि कोणत्या थांबवत नाही?

होकार, नकार आणि डोल

कोणतीही घन वस्तू सहा प्रकारे हलू शकते. वर-खाली, डावी-उजवीकडे आणि पुढे-मागे सरकणे हे तीन प्रकार. आणि तीन अक्षांभोवती वळणे हे आणखी तीन. वळण्याचे तीन प्रकार आपण आपल्या डोक्यानेच करून पाहू. 'हो' म्हणताना मान वर-खाली होते. याला आपण 'होकार' म्हणू. 'नाही' म्हणताना ती डावी-उजवीकडे फिरते, हा 'नकार'. गाणे आवडले की मान खांद्याकडे झुकते; हा 'डोल'. कॅमेराही हातात असताना असाच होकार, नकार आणि डोल करीत असतो, फक्त फार सूक्ष्म प्रमाणात. निरोगी माणसाच्या हातालाही सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा होणारा एक नैसर्गिक कंप असतो.

यांतली कोणती हालचाल जास्त घातक? हिशोब करून पाहू. समजा, पुणे जिल्ह्यात भिगवणजवळ, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठावर आपण उभे आहोत. २० मीटरवर रोहित पक्षी उथळ पाण्यात उभा आहे. लेन्सचे नाभीय अंतर ३०० मिलिमीटर आहे. शटर उघडे असताना कॅमेरा १ मिलिमीटर नुसता बाजूला सरकला, तर प्रतिमा किती सरकेल? समरूप त्रिकोणांवरून,

१ × ३०० ÷ २०,००० = ०.०१५ मिलिमीटर.

आता कॅमेरा सरकला नाही, पण सुमारे ३० सेंटिमीटर लांबीच्या लेन्सचे पुढचे टोक १ मिलिमीटर खाली झुकले, असे समजू. हा झाला होकार. झुकण्याचा कोन १/३०० रेडियन. प्रतिमेचे सरकणे म्हणजे नाभीय अंतर गुणिले कोन, अर्थात

३०० × १/३०० = १ मिलिमीटर.

हात दोन्ही वेळा एक मिलिमीटरच हलला, पण दुसऱ्या वेळी प्रतिमा पहिल्यापेक्षा सुमारे ६६ पट जास्त सरकली! दूरच्या वस्तूचे चित्र बिघडवते ते कॅमेऱ्याचे वळणे. त्याचे सरकणे त्या मानाने किरकोळ असते.

वळण्याच्या तीन प्रकारांतही फरक आहे. होकार आणि नकार सगळी प्रतिमा एकदम सरकवतात. डोलामध्ये मात्र प्रतिमा आपल्या मध्याभोवती फिरते. मध्यभाग जागेवरच राहतो. फक्त कडांचा भाग थोडा पुसट होतो. तेव्हा मोठ्या लेन्सने चित्र घेताना आपले खरे शत्रू दोन, होकार आणि नकार.

एका जुन्या नियमाचे रहस्य

छायाचित्रकारांत एक जुना नियम आहे. लेन्सचे नाभीय अंतर जितके मिलिमीटर, तितक्या भागांपैकी एका भागाएवढा सेकंद किंवा त्याहून कमी वेळ शटर उघडे ठेवावे. म्हणजे हातात धरूनही चित्र स्पष्ट येते. ५० मिलिमीटरला १/५० सेकंद, ३०० मिलिमीटरला १/३०० सेकंद. हा ठोकताळा ३५ मिलिमीटर फिल्मच्या काळातला. तो का लागू पडतो, ते पाहू.

हाताच्या कंपामुळे कॅमेरा सेकंदाला काही रेडियन या कोनीय वेगाने वळत असतो. प्रतिमेचे सरकणे = नाभीय अंतर × कोनीय वेग × वेळ. वेळ जर १/नाभीय अंतर एवढी घेतली, तर नाभीय अंतर वर-खाली कापले जाते आणि उरतो फक्त कोनीय वेग. फिल्मवर सुमारे ०.०३ मिलिमीटर पुसटपणा चालवून घेण्याची प्रथा होती. म्हणजे हा नियम गृहीत धरतो, की तुमचा हात सेकंदाला ०.०३ रेडियन, अर्थात सुमारे १.७ अंश, याहून जास्त वेगाने कॅमेरा वळवीत नाही.

आता आजच्या डिजिटल कॅमेऱ्याकडे पाहा. ३६ मिलिमीटर रुंदीच्या संवेदकावर आडव्या ओळीत ६,००० चित्रबिंदू असतील, तर एका बिंदूची रुंदी ०.००६ मिलिमीटर होते. जुन्या प्रथेतला पुसटपणा अशा पाच बिंदूंवर पसरेल. छोट्या छपाईत तो कळणारही नाही. पण चित्र मोठे करून पक्ष्याची पिसे पाहू लागलात की लगेच दिसेल. म्हणून जुना नियम आज कमीत कमी अट म्हणून पाळावा, हमी म्हणून नव्हे.

संध्याकाळी प्रकाश कमी झाला आणि शटर १/६० सेकंदावर आणावे लागले, तर नियमापेक्षा पाचपट वेळ होते. काठीची गरज नेमकी इथे लागते.

काठी काय करते?

काठी आपल्या लांबीच्या दिशेत अतिशय ताठ असते. म्हणून कॅमेऱ्याचे वर-खाली होणे ती जवळजवळ बंद करते. त्याबरोबर ती लेन्सचे वजनही पेलते. दोन किलोची लेन्स अर्धा तास हातात धरून पाहा. थकलेल्या स्नायूंचा कंप किती वाढतो, ते लगेच कळेल.

होकाराच्या बाबतीत काठीची युक्ती वेगळी आहे. कॅमेरा काठीला घट्ट बसवलेला असेल, तर तो एकटा झुकू शकत नाही. सगळी काठी आपल्या तळाभोवती झुकावी लागते. काठी दीड मीटर लांब असेल, तर वरचे टोक १ मिलिमीटर हलले तरी कोन होतो १/१,५०० रेडियन. प्रतिमा सरकते ३०० ÷ १,५०० = ०.२ मिलिमीटर. मघाच्या १ मिलिमीटरच्या मानाने हे पाचपट कमी. हात तितकाच हलतो, पण भुजा लांब झाल्यामुळे कोन लहान होतो. डोलाचेही तसेच.

नकाराचे काय? काठी स्वतःच्या अक्षाभोवती सहज गरकन फिरते. तिला अडवते ते फक्त तळाच्या रबराचे घर्षण, आणि तो तळ असतो इवलासा. समजा, काठीवर ३० न्यूटन भार आहे, घर्षण गुणांक ०.६ आहे आणि घर्षण अक्षापासून सरासरी १ सेंटिमीटरवर काम करते. तर विरोधी परिबल होते ३० × ०.६ × ०.०१ = ०.१८ न्यूटन-मीटर. एवढे परिबल तर एक बोटही सहज देईल. म्हणजेच, मोनोपॉड नकार जवळजवळ थांबवत नाही. तो तुम्हालाच थांबवायचा आहे. डावा हात लेन्सवर शक्य तितका पुढे ठेवा, दोन्ही कोपरे अंगाला टेकवा, कॅमेरा कपाळाला हलकेच दाबून धरा आणि श्वास सोडल्यानंतरच्या क्षणभराच्या विश्रांतीत बटण अलगद दाबा.

हेड कोणते?

धनगराप्रमाणे काठी थोडी पुढे टेकवली, तर आधाराचा त्रिकोण मोठा होतो. पण त्यात एक अडचण आहे. समजा, डोळ्याची उंची १५० सेंटिमीटर. त्यातून कॅमेरा आणि हेड यांची मिळून १८ सेंटिमीटर वजा केली तर काठीचे वरचे टोक १३२ सेंटिमीटर उंचीवर येते. तळ ४० सेंटिमीटर पुढे असेल, तर काठी आपल्याकडे सुमारे १७ अंश कलते. कॅमेरा काठीशी काटकोनात पक्का बसवलेला असेल, तर त्याचे तोंडही १७ अंश आकाशाकडे वळेल! समोरचा पक्षी चौकटीत आणायचा तर काठी सरळ उभी करून पायांजवळ घ्यावी लागते, आणि त्रिकोण नाहीसा होतो.

झाडावरचे घरटे टिपायचे असेल, तर अडचण उलटी. कॅमेरा २० अंश वर वळवण्यासाठी दीड मीटर काठीचे वरचे टोक सुमारे अर्धा मीटर मागे न्यावे लागेल. तेवढे मागे झुकून कोण स्थिर उभा राहील?

आता तीन वळणे पुन्हा आठवा. डावी-उजवीकडे नेम धरायचा, तर काठीच फिरवता येते. क्षितिज सरळ करायचे, तर काठी किंचित डावी-उजवीकडे कलवता येते. काठीला नीट जमत नाही ती एकच दिशा, होकाराची. म्हणून हेडनेही एवढेच काम करावे. एकाच अक्षाभोवती पुढे-मागे झुकणारे साधे 'टिल्ट हेड' मोनोपॉडला सर्वांत योग्य असते. ते हलके असते आणि त्याला एकच खिट्टी असते.

बॉल हेडमध्ये खोबणीत बसवलेला गोळा असतो. खिट्टी सैल केली की तो तिन्ही अक्षांभोवती एकदम मोकळा होतो. तिपाईवर हे सोयीचे असते. काठीवर मात्र जड लेन्स भलतीकडेच कलंडण्याची भीती असते. तीन दांड्यांचे हेड किंवा जड लेन्ससाठीचे गिंबल हेड डावी-उजवीकडे फिरण्याची जी सोय देते, ती काठीत मुळातच आहे. वजन आणि पैसा यांचा भार मात्र वाढतो.

बॉल हेडची बाजू एका ठिकाणी खरी आहे. मोठ्या लेन्सभोवती एक कडे असते आणि त्याला पाया असतो. कडे सैल केले की कॅमेरा काटकोनात फिरवून उभे चित्र घेता येते. लहान लेन्सला असे कडे नसते. अशा वेळी बाजूला खाच असलेले बॉल हेड किंवा कॅमेऱ्याला बसवायची 'एल' आकाराची पट्टी उपयोगी पडते. टिल्ट हेड घेताना आणखी एक गोष्ट पाहावी. लेन्सच्या पायाची पट्टी लेन्सच्या दिशेत असते, तर कॅमेऱ्याच्या तळाची पट्टी बहुधा तिला आडवी असते. म्हणून पट्टी पकडणारा चिमटा काटकोनात फिरवून बसवता येणारा असावा. नाहीतर कॅमेरा होकाराऐवजी डोल करू लागेल.

किलो नव्हे, परिबल

हेडवर लिहिलेल्या किलोंच्या संख्येपेक्षा महत्त्वाचे असते परिबल. दोन किलोच्या लेन्सचा गुरुत्वमध्य हेडच्या अक्षापुढे ५ सेंटिमीटर असेल, तर हेडवर २ × ९.८ × ०.०५, म्हणजे जवळजवळ १ न्यूटन-मीटर परिबल येते. पट्टी सरकवून हे अंतर १ सेंटिमीटरवर आणले, तर ते ०.२ न्यूटन-मीटर होते. म्हणून लांब पट्टी घ्यावी आणि लेन्स बोटावर पट्टी तोलावी तशी तोलून मगच खिट्टी आवळावी.

काठी कशी निवडाल?

पहिली गोष्ट उंची. वरच्याच उदाहरणात पायथागोरसचा सिद्धांत वापरला, तर काठीची लांबी १३२ आणि ४० यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे १३८ सेंटिमीटर येते. उतारावर तळ खाली जातो, म्हणून १० सेंटिमीटर जास्त धरा. तुमच्या डोळ्याच्या उंचीवरून तुमचा आकडा तुम्हीच काढा.

दुसरी गोष्ट ताठपणा. भुजा लांब करून आपण जे मिळवले, ते काठी वाकली तर वाया जाते. पातळ नळीचा वाकण्याला होणारा विरोध, जाडी तीच असेल तर, व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असतो. २० मिलिमीटर व्यासाची नळी १६ मिलिमीटरच्या नळीपेक्षा (२०/१६) चा घन, म्हणजे जवळजवळ दुप्पट ताठ असते. जितक्या नळ्या जास्त, तितकी शेवटची नळी बारीक. म्हणून तीन-चार नळ्यांची काठी पाच-सहा नळ्यांच्या काठीपेक्षा बरी; फक्त मिटल्यावर ती थोडी लांब राहते. उघडताना जाड नळ्या आधी उघडा. सर्वांत बारीक नळी शेवटी, आणि लागेल तेवढीच.

तिसरी गोष्ट साहित्याची. कार्बन तंतूची काठी ॲल्युमिनियमच्या काठीपेक्षा हलकी, पण महाग असते. मोनोपॉडला एकच पाय असल्याने वजनाची बचत तिपाईइतकी होत नाही. मंडळाचे पैसे मोजके असतील, तर ॲल्युमिनियमची जाड काठी आणि चांगले टिल्ट हेड, ही जोडी शहाणपणाची.

स्क्रूकडेही नीट पाहावे. कॅमेऱ्याच्या तळाला पाव इंच व्यासाचे, इंचाला २० आटे असलेले भोक असते. मोठी हेड्स तीन-अष्टमांश इंच, इंचाला १६ आटे, या स्क्रूवर बसतात. काठीवर कोणता स्क्रू आहे आणि हेडला कोणता लागतो, ते जुळवून पाहा.

काठी काय करू शकत नाही?

कबड्डीपटू १० मीटरवर सेकंदाला ५ मीटर वेगाने आडवा धावत असेल आणि लेन्स १०० मिलिमीटरची असेल, तर त्याची प्रतिमा संवेदकावर सेकंदाला ५० मिलिमीटर वेगाने सरकते. पुसटपणा ०.०३ मिलिमीटरच्या आत ठेवायचा, तर शटर १/१,६०० सेकंदाच्या आसपास हवे. काठी कॅमेऱ्याला स्थिर करते, खेळाडूला नव्हे! तिथे ती फक्त वजन पेलण्यासाठी. उलट, एका पायावर शांत उभ्या असलेल्या रोहित पक्ष्यासाठी ती वरदान ठरते.

काठी कंप शोषून घेत नाही. खालचा कंप वरही पोचवते. इंजिन चालू असलेल्या होडीत ती फळीवर टेकवू नका. तिथे तुमचे शरीरच चांगली गादी ठरते. आणि कॅमेरा बसवलेली काठी क्षणभरही एकटी सोडू नका.

आजच्या अनेक कॅमेऱ्यांत किंवा लेन्समध्ये कंप भरून काढणारी यंत्रणा असते. मोनोपॉडवर ती बहुधा चालूच ठेवतात, कारण नकार शिल्लक असतो. तरी कॅमेऱ्याबरोबरची माहितीपुस्तिका पाहावी.

करून पाहा

हे सारे पैसे न खर्चताही पडताळता येते. पाव इंची, इंचाला २० आट्यांचा आखूड बोल्ट मिळवा. ६ मिलिमीटरचा मेट्रिक बोल्ट वापरू नका. त्याच्या दोन आट्यांमधले अंतर १ मिलिमीटर असते, तर कॅमेऱ्याच्या भोकात ते १.२७ मिलिमीटर असते. आटे खराब होतील. भोक उथळ असते, म्हणून बोल्ट जोराने आत दाबू नका. बोल्टाला दीड-दोन मीटर मजबूत दोरी बांधा, खालचे टोक पायाखाली धरा आणि कॅमेरा वर ओढून दोरी ताणा. झाला दोरीचा मोनोपॉड! फरक एवढाच, की दोरी ओढू शकते, ढकलू शकत नाही. त्यामुळे ती कॅमेऱ्याचे वजन पेलत नाही.

आता भिंतीवर वर्तमानपत्राचे पान लावा. पाच मीटरवरून, लेन्सचे सर्वांत मोठे नाभीय अंतर वापरून, १/२५०, १/१२५, १/६० आणि १/३० सेकंदाला प्रत्येकी दहा चित्रे घ्या. एकदा नुसत्या हाताने, एकदा दोरीने, एकदा काठीने. हे करताना कंप भरून काढणारी यंत्रणा बंद ठेवा. दहापैकी किती चित्रांत बारीक अक्षरे वाचता येतात, त्याचा तक्ता करा. न वाचता येणाऱ्या चित्रांत अक्षरे उभी पुसली आहेत की आडवी, तेही नोंदवा. उभी असतील तर होकार, आडवी असतील तर नकार.

काठी वापरल्यावर यांपैकी कोणता पुसटपणा जास्त कमी व्हायला हवा, हे आता तुम्ही आधीच सांगू शकाल. शिक्षकांनी वर्गाकडून हे उत्तर आधी फळ्यावर लिहून घ्यावे आणि मगच चित्रे पाहू द्यावीत. तक्ता उत्तराशी जुळला नाही, तर काठी धरण्याची पद्धत, खिट्टी आणि नळ्यांचे सांधे पुन्हा तपासा. ती तपासणी झाल्यावर मग दुकानात जा. काय मागायचे, ते तुम्हाला नेमके ठाऊक असेल.